जॉन बेल नक्की कुणाच्या बाजूचा?

२०२२ चं फिजिक्सचं नोबेल अलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन झायलिंगर या तिघांना जाहीर झालं तेव्हा सगळीकडे एकच सूर होता, क्वांटम मेकॅनिक्सच्या, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या थिअरीच्या, अर्थावरून झालेल्या जुन्या वादात आइनस्टाईन चुकला आणि नील्स बोर जिंकला. आणि साक्षीदार म्हणून उभा केला जात होता फिजिसिस्ट जॉन बेल, जो १९९० मध्येच गेला होता त्यामुळे बाजू मांडायला येणार कुठून. मला त्या हेडलाईनचा तेव्हाही वैताग आला होता आणि अजूनही येतो, कारण ज्याच्या थिअरमच्या जोरावर हे सगळं बोललं जातं तो माणूस आयुष्यभर आइनस्टाईनच्या गोटातला होता. बोरचं म्हणणं त्याला कॉलेजात पटलं नव्हतं, थिअरम लिहिल्यावर पटलं नाही, आणि प्रयोगांचे निकाल आइनस्टाईनच्या विरोधात गेल्यावरही पटलं नाही. हा नुसता हेकटपणा होता का? मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच लिहायचं आहे, थोडं लांबेल.

जॉन स्ट्युअर्ट बेल, जन्म २८ जुलै १९२८, बेलफास्ट. घरची परिस्थिती साधी, सगळ्या भावंडांना पुढे शिकवण्याइतके पैसे नव्हते, हाच एक शिकत राहिला. घरात त्याला गमतीने प्रोफेसरच म्हणायचे म्हणे. सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि पुढे काय तर नोकरी, ती मिळाली बेलफास्टच्याच क्वीन्स युनिव्हर्सिटीत, फिजिक्सच्या लॅबमध्ये टेक्निशियनची. तिथल्या एमेलियस आणि स्लोन या दोन प्रोफेसरांनी पोरगा हुशार आहे हे ओळखलं, वाचायला पुस्तकं दिली, पहिल्या वर्षाच्या लेक्चरला बसू दिलं, आणि वर्षभराने पैसे जमल्यावर हा रीतसर विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १९४८ ला एक डिग्री, १९४९ ला मॅथेमॅटिकल फिजिक्समध्ये दुसरी. याच स्लोनसरांशी त्याचं अनिश्चिततेच्या तत्त्वावरून वर्गात वाजायचं, आणि तापलेल्या डोक्याने तो त्यांना जवळजवळ अप्रामाणिक म्हणायच्या बेतात असायचा, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय.

त्याचा प्रश्न साधा होता. इलेक्ट्रॉनला एकाच वेळी नेमकी जागा आणि नेमका वेग नसतो असं तुम्ही म्हणता, ठीक, पण "नसतो" की "आपल्याला कळत नाही"? बोरच्या पंथातलं उत्तर असायचं की असा प्रश्न विचारूच नये. बेलला उत्तर नाही म्हणून राग नव्हता बरं का, राग होता तो प्रश्नच विचारू नको म्हटल्याचा.

आता खरं तर अशा पोराने थेट तत्त्वज्ञानात घुसायला हवं, पण यानं घेतली इंजिनिअरच्या वळणाची नोकरी. १९४९ ला ब्रिटनच्या हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात, पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरच्या डिझाईनचं काम, म्हणजे चुंबकांच्या रांगेतून प्रोटॉनचा झोत न फाटता कसा न्यायचा, कुठे किती फोकस करायचा, असली गणितं. तिथेच मेरी रॉस भेटली, तीही अ‍ॅक्सिलरेटर फिजिसिस्ट, १९५४ ला लग्न, आणि पुढे आयुष्यभर दोघांनी एकत्र पेपर लिहिले. मेरीचं नाव बेलच्या गोष्टीत नेहमी "पत्नी" म्हणून एका ओळीत उरकतात, ती स्वतः या क्षेत्रातली पक्की व्यावसायिक होती एवढं तरी सांगायला हरकत नाही.

बरं, तर गणितज्ञ फॉन नॉयमन. या माणसाच्या नावाचा तेव्हा असा दरारा होता की त्याने सिद्ध केलंय म्हटल्यावर विषय संपायचा. १९३२ च्या जर्मन पुस्तकात त्याने सिद्धता दिली होती की क्वांटम मेकॅनिक्सच्या खाली आणखी काही लपलेली माहिती, ज्याला हिडन व्हेरिएबल्स म्हणतात, असूच शकत नाही. बेलनं हे मॅक्स बॉर्नच्या पुस्तकात वाचलं, आणि पुढारी म्हणतायत तर असेल म्हणून गप्प बसला, कारण मूळ पुस्तक जर्मनमध्ये आणि याला जर्मन येत नव्हतं.

आणि मग १९५२ मध्ये डेव्हिड बोम या फिजिसिस्टचे दोन पेपर आले ज्यात त्याने नेमकी तीच अशक्य गोष्ट करून दाखवली होती. कणांना कायम नेमकी जागा आहे, एक लाट त्यांना वाट दाखवते, आणि उत्तरं सगळी क्वांटम मेकॅनिक्सचीच येतात. आपण अशक्य गोष्ट झालेली बघितली असं बेल पुढे म्हणायचा. म्हणजे फॉन नॉयमनच्या सिद्धतेत कुठेतरी भोक असणारच ना! हारवेलमध्ये फ्रान्झ मँडल नावाचा जर्मन जाणणारा सहकारी होता, त्याच्याकडून त्याने पुस्तकात काय आहे ते समजून घेतलं आणि भोक कुठे आहे याचा त्याला अंदाज आला.

ते भोक दाखवायचा मोह आवरत नाही, कारण ते इतकं साधं आहे की वीस-पंचवीस वर्षं जवळपास कुणी का बघितलं नाही हेच कोडं. क्वांटम मेकॅनिक्समध्ये दोन राशींच्या बेरजेची सरासरी ही त्यांच्या सरासरींची बेरीज असते. फॉन नॉयमननं गृहीत धरलं की लपलेल्या पातळीवर, म्हणजे सरासरी नव्हे तर एकेका सुट्या किंमतीलाही हेच लागू. आता इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा गिरकीसारखा एक अंगभूत गुण, घ्या. आडव्या दिशेने मोजला तर उत्तर +१ किंवा -१, उभ्या दिशेने मोजला तरी +१ किंवा -१. या दोघांची बेरीज ही एक वेगळीच राशी, ती मोजायला यंत्र तिरकं, ४५ अंशात ठेवावं लागतं आणि उत्तर येतं +√२ किंवा -√२. एक आणि एक मिळवून कधी √२ होतात का? २ होतील, ० होतील. म्हणजे हे गृहीतक लपलेल्या पातळीवर लावलं की हिडन व्हेरिएबल्स आपोआप बाद, त्यात सिद्ध काय केलं? बेलनं नंतर एका मुलाखतीत ही सिद्धता नुसती चूक नाही तर खुळचट आहे असं स्पष्ट सांगितलं. तसं हे भोक ग्रेटे हरमान नावाच्या जर्मन गणितज्ञ बाईंनी १९३५ मध्येच दाखवलं होतं, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. फॉन नॉयमनपुढे त्यांचं कोण ऐकणार.

पण १९५२ ला बेलनं यावर काही छापलं नाही. बर्मिंगहॅमला प्रोफेसर पायर्ल्सकडे जाऊन क्वांटम फील्ड थिअरीवर पीएचडीचं काम केलं, तिथे सीपीटी हा फील्ड थिअरीतला सिमेट्रीचा थिअरम स्वतंत्रपणे सिद्ध केला (ल्युडर्स आणि पाउलीही त्याच सुमारास तिथे पोचले, श्रेय त्यांना जास्त गेलं), आणि १९६० मध्ये नवराबायको दोघं जिनिव्हाला सर्न या युरोपियन कणसंशोधन केंद्रात आले. तिथे पगार मिळायचा तो पार्टिकल फिजिक्स आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या कामाचा. क्वांटमचा पाया वगैरे हा छंद, फावल्या वेळातला. मी क्वांटम इंजिनिअर आहे पण रविवारी मला तत्त्वं असतात, असं तो एकदा म्हणाला होता, आणि त्यात थट्टा कमी आणि सत्य जास्त होतं.

१९६३-६४ ची सुट्टी घेऊन तो अमेरिकेत गेला, स्टॅनफर्ड, विस्कॉन्सिन, ब्रँडाइस असं फिरत, आणि त्या वर्षात मनातलं दोन पेपरमध्ये उतरवलं. पहिल्यात फॉन नॉयमनचं भोक, आणि शेवटी एक प्रश्न: बोमच्या थिअरीत एक विचित्र गोष्ट आहे, इथल्या कणाचं वागणं लांबच्या कणापाशी कुणी काय मोजतंय त्यावर ताबडतोब अवलंबून असतं, तर हा बोमच्या थिअरीचा दोष आहे की कुठल्याही अशा थिअरीला हे चुकणारच नाही? दुसऱ्या पेपरमध्ये उत्तर: चुकणार नाही. गंमत म्हणजे पहिला पेपर जर्नलच्या ऑफिसात कुठेतरी चुकीच्या फायलीत गेला आणि १९६६ ला छापून आला, दुसरा १९६४ लाच आला. म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न दोन वर्षांनी.

दुसऱ्या पेपरची मुळं १९३५ मध्ये आहेत. आइनस्टाईन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन कण एकत्र येऊन लांब गेले, एकावर काही मोजलं की दुसऱ्याचं उत्तर न मोजता कळतं, आणि इथे केलेल्या मोजणीचा परिणाम तिकडे क्षणात पोचू शकत नाही, तर मग तिकडचं उत्तर आधीपासूनच ठरलेलं असणार. क्वांटम मेकॅनिक्स ते सांगत नाही, म्हणजे थिअरी अपुरी आहे. बोरनं याला उत्तर दिलं, पण ते उत्तर मी बऱ्याचदा वाचलंय आणि दर वेळी शेवटाला आल्यावर सुरुवात काय होती ते विसरायला होतं. बेललाही ते कळलं नाही आणि त्याने ते मोकळेपणाने लिहिलं.

तर बेलनं केलं काय? त्याने आइनस्टाईनचंच म्हणणं खरं धरलं आणि त्यातून काय काय निघतं ते आकड्यात मांडलं. मूळ पेपरमध्ये स्पिनची भाषा आणि इंटिग्रल्स आहेत, पण नंतरच्या लोकांनी केलेली सोपी मांडणी अशी.

एका सोर्समधून फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या कणांच्या, जोड्या निघतायत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही टोकांना एकेक पोलरायझर, म्हणजे प्रकाशाची कोनात बसवलेली चाळणी, तो तीनच कोनांत ठेवायचा, ० अंश, ६० अंश किंवा १२० अंश. फोटॉन एकतर पलीकडे जातो नाहीतर अडतो. दोन्हीकडे कोन एकच ठेवला तर दोघं नेहमी सारखंच वागतात, दोन्ही जातात किंवा दोन्ही अडतात, न चुकता. हे जमतं कसं? सरळ उत्तर म्हणजे निघतानाच दोघांजवळ एकसारखी चिठ्ठी असणार, ० ला जा, ६० ला अड, १२० ला जा, असं काहीतरी. ही चिठ्ठी म्हणजेच हिडन व्हेरिएबल.

आता बघा. चिठ्ठीवर उत्तरं तीन आणि प्रकार दोनच, तेव्हा तिन्हीतली निदान दोन उत्तरं सारखी येणारच, कितीही डोकं लढवून चिठ्ठी लिहा. कोनांच्या वेगवेगळ्या जोड्या होतात तीन, त्यातल्या निदान एका जोडीत उत्तर जुळणार. म्हणजे दोन्हीकडे वेगळे कोन रँडम निवडत गेलं तर जुळण्याचं प्रमाण एक तृतीयांशाच्या, ३३ टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही. आणि क्वांटम मेकॅनिक्स काय म्हणतं? कोनांतल्या फरकाच्या कोसाइनचा वर्ग घ्या. फरक ६० असो की १२०, वर्ग येतो एक चतुर्थांश. २५ टक्के.

झालं, एवढंच. ३३ विरुद्ध २५. हाच बेलचा थिअरम, आणि ती ३३ टक्क्यांची मर्यादा म्हणजे बेलची विषमता. बोर आणि आइनस्टाईन ज्यावर वर्षानुवर्षं शब्दांनी भांडले ती गोष्ट लॅबमध्ये मोजण्यासारखी झाली. मला या सगळ्यात थक्क व्हायला होतं ते याच पायरीला, कारण गणित अकरावीचं पोरगंही करेल असं आहे पण तीस वर्षं ते करावंसं कुणाला वाटलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की हा प्रश्न सुटलेला आहे!

पेपर सहा पानांचा. छापला कुठे, तर फिजिक्स नावाच्या एका नव्या जर्नलमध्ये, कारण मोठी जर्नलं पानामागे पैसे घ्यायची, बेल पाहुणा होता आणि यजमान युनिव्हर्सिटीकडे आपल्या छंदासाठी पैसे मागणं त्याला बरं वाटेना. ते जर्नल काही वर्षांत बंदही पडलं आणि पेपरकडे बराच काळ कुणी ढुंकून बघितलं नाही. शेवटी क्लाउझर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याच्या हाती तो लागला, त्याने १९६९ मध्ये बेलला पत्र लिहिलं की हे खरंच मोजून बघूया का. त्याच वर्षी क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या चौघांनी विषमता प्रयोगाला झेपेल अशी करून दिली आणि १९७२ मध्ये फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी बर्कलेत कॅल्शियमच्या अणूंमधून निघणाऱ्या फोटॉनवर ती तपासली. क्लाउझरला मनापासून वाटत होतं की क्वांटम मेकॅनिक्स तोंडावर पडेल. नाही पडलं.

मग १९७५ मध्ये पॅरिसकडून आस्पे भेटायला आला, प्रयोगाची कल्पना घेऊन, की फोटॉन वाटेत असतानाच कोन बदलायचा म्हणजे दोन्ही टोकांची आधी काही मिलीभगत असायची शक्यताच नको. बेलनं सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, तुझी नोकरी परमनंट आहे ना? होती, म्हणून पुढे बोलणं झालं. या विषयात पडणं म्हणजे करिअरची वाट लावून घेणं अशी तेव्हाची हवा होती आणि बेलला ती चांगलीच माहीत होती, म्हणून तर त्याने स्वतः हे काम कायम फावल्या वेळात ठेवलं. १९८२ चे आस्पेचे प्रयोग, त्यात दर सुमारे दहा नॅनोसेकंदांना स्विच बदलत होता, निकाल पुन्हा क्वांटमच्या बाजूने. पुढे २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनवर प्रयोग झाला आणि उरलेसुरले मोठे आक्षेपही एकाच वेळी बंद झाले.

आता मुद्द्यावर येतो. चिठ्ठीचा युक्तिवाद कुठे मोडतो? त्यात गृहीत धरलंय की डावीकडच्या फोटॉनचं उत्तर उजवीकडचा कोन बघून बदलत नाही. लोक म्हणतात बघा, हिडन व्हेरिएबल्स मेली, वास्तव वगैरे काही नसतं, बोर बरोबर. बेल म्हणायचा, अरे, चिठ्ठी मी हौसेने नाही आणली, एकच कोन ठेवला की शंभर टक्के जुळतं म्हणून ती आपोआप आली. स्थानिकता, म्हणजे इथल्या गोष्टीचा परिणाम तिकडे क्षणात पोचत नाही हे, धरली की चिठ्ठी धरावीच लागते, आणि चिठ्ठी धरली की ३३ टक्के. मग जाते ती स्थानिकताच. आणि ती बोरचीही जाते, तो फक्त ते बोलत नाही. (यातून प्रकाशापेक्षा वेगाने मेसेज पाठवता येत नाही हं, एका टोकाला बसलेल्याला नुसतं रँडम जाणं-अडणंच दिसतं, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर मगच कळतं. क्वांटम हीलिंगचे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी हे कंसातलं वाक्य दोनदा वाचावं.)

१९८० च्या सुमाराचा त्याचा मोज्यांचा लेख यासाठीच वाचायचा. सर्नमध्ये राइनहोल्ड बर्टलमान नावाचा व्हिएन्नाचा तरुण सहकारी होता, तो रोज दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालायचा. एक पाय गुलाबी दिसला की दुसरा गुलाबी नाही हे न बघता कळतं, यात गूढ काय? मग क्वांटममधली जोडी वेगळी कशी? बेलनं तिथून सुरू करून, मोजे धुण्याच्या चाचण्यांची आकडेवारी वगैरे करत, शेवटी असं दाखवलं की मोजे कधीही जे करणार नाहीत ते फोटॉन करतात. बर्टलमानला या लेखाची आधी कल्पनाही नव्हती, स्वतःच्या पायांचं चित्र पेपरमध्ये बघून तो उडालाच.

एका मुलाखतीत बेलनं सरळ सांगितलं होतं की या वादात आइनस्टाईनची बौद्धिक उंची बोरपेक्षा फार मोठी होती, काय हवंय ते त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि दुर्दैव एवढंच की त्याची कल्पना चालत नाही. शहाणपणाची गोष्ट होती, चालत नाही. मला हे वाक्य फार आवडतं कारण त्यात हरल्याची रडारड नाही आणि जिंकणाऱ्याच्या पाठीवर थाप पण नाही.

बाकीचं भराभर. १९६९ मध्ये रोमन जॅकीवबरोबर केलेलं काम, न्यूट्रल पायॉन या कणाचे दोन फोटॉन कसे होतात याचं, जुन्या सिमेट्रीच्या हिशोबाने जे व्हायला नको ते प्रत्यक्षात होतं आणि कारण असं की क्वांटमचं गणित ती सिमेट्रीच मोडतं. अ‍ॅडलरनंही स्वतंत्रपणे तेच काढलं, आज त्याला तिघांचं नाव आहे आणि स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलभूत कणांची आजची मुख्य थिअरी, शिकताना ते चुकवता येत नाही. थिअरम नसता तरी एवढ्यावर नाव राहिलं असतं. आणि तो रॉकेटचा किस्सा, दोन रॉकेटांमध्ये नाजूक दोरा बांधलाय, दोन्ही एकाच वेळी एकसारखी वेगात येतात, दोरा तुटेल का? कोडं दुसऱ्यांचं, जुनं, पण बेलनं त्यावर सर्नच्या कँटीनमध्ये वाद घातला, थिअरी डिव्हिजनमध्ये मत घेतलं, आणि बहुतेकांनी नाही तुटणार असं सांगितलं. तुटतो.

शेवटच्या वर्षांत त्याचा रोख मेजरमेंट या शब्दावर होता. मोजणी म्हणजे नेमकं काय, कुठल्या क्षणी होते, त्यासाठी पीएचडी झालेला माणूस लागतो का, की एकपेशीय जिवाचंही चालतं? पाठ्यपुस्तकात क्वांटमचे नियम दोन, मोजत नसताना एक आणि मोजताना दुसरा, आणि सीमारेषा कुठे ते कुणी सांगत नाही. व्यवहारात याने काही अडत नाही हे त्याला पूर्ण मान्य होतं, अ‍ॅक्सिलरेटर बांधलेला माणूस तो. पण व्यवहारात अडत नाही हे मूलभूत थिअरीबद्दलचं उत्तर असू शकत नाही असं त्याचं म्हणणं. बोमची थिअरी कॉलेजात का शिकवत नाहीत, निदान दुसराही रस्ता आहे हे कळावं म्हणून, हेही तो विचारत राहिला. १९८६ मध्ये गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी क्वांटमची लाट मोजणीची वाट न बघता आपोआप कोसळते, म्हणजे कणाची एकच जागा ठरते, अशी थिअरी मांडली तेव्हा त्याने ती उचलून धरली, बोमची आवडत असतानाही, कारण दोन्ही थिअरी कमीत कमी काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हणतात.

१ ऑक्टोबर १९९० ला जिनिव्हात मेंदूतल्या रक्तस्रावाने तो अचानक गेला, वय ६२. पुढच्याच वर्षी आर्टुर एकर्ट या फिजिसिस्टनं बेलच्या विषमतेवर चालणारी गुप्त संदेशाची पद्धत मांडली. बेलफास्टमध्ये २०१५ ला एका रस्त्याला नाव द्यायचं ठरलं, पण तिथल्या कौन्सिलचं धोरण व्यक्तींची नावं टाळायचं, मग नाव दिलं बेल्स थिअरम क्रेसेंट. माणसाला बंदी, थिअरमला नाही.

त्याचे लेख १९८७ मध्ये केंब्रिजने पुस्तकात एकत्र आणले, स्पीकेबल अँड अनस्पीकेबल इन क्वांटम मेकॅनिक्स. गणिताची भीती असेल तर मोज्यांच्या लेखापासून सुरू करा, नंतर बोमच्या पायलट वेव्हवरचा वाचा. १९६४ चा मूळ पेपर शेवटी, तो छोटा आहे पण त्यात श्वास घ्यायला जागा नाही. आणि २००४ ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, मेजरमेंटवर तोफ डागलेला लेख जुन्या आवृत्तीत नाही.